बियाचा बाप कोण? दुधी-दोडक्याचं घरचं बी हाताने कसं धरायचं

जून उजाडला की मराठवाड्यात गावोगावी बियाणाच्या दोन तक्रारी ऐकू येतात. एक पाकिटाच्या भावाची. दुसरी जास्त कोड्यात टाकणारी आहे. मागच्या वर्षी मांडवावरचा लांबसडक, गोड दुधी बियाला सोडला, त्याचंच बी यंदा आळ्यात टोबलं, आणि फळं लागली ती बुटकी, पोट सुटलेली. एखाद्या वेलाची तर कडूजहर. मग "बी पालटलं" असं म्हणतात. कुणी जमिनीला दोष देतं, कुणी बोअरच्या पाण्याला. पण जमीन तीच होती आणि बीही ताजं होतं. त्या बियाची आई आपल्याला माहीत होती, बाप माहीत नव्हता, एवढंच झालं.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये बियाणे विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी खुला केल्यापासून घरच्या बियाण्याची चर्चा पुन्हा जोरात आहे. घरचं बी ठेवावं, असं सगळेच म्हणतात. ते धरायचं कसं, हे मात्र क्वचितच कुणी नीट सांगतं. नुसतं एक फळ वेलावर वाळू दिलं म्हणजे बी धरलं असं होत नाही, निदान वेलवर्गीय भाज्यांत तरी नाही.

पदर आईचा, लेकरू दोघांचं

फुलातल्या नर भागावर पिवळी धूळ असते, ते पराग. ही धूळ मादी भागाच्या टोकाला लागणं म्हणजे परागीभवन. पुढे प्रत्येक परागकण आपली बारीक नळी आत उतरवतो आणि एकेका बीजांडापर्यंत पोचतो. एका कणाने एक बी तयार होतं. दुधीत शेकड्याने बिया असतात, म्हणजे तितके कण आत पोचलेले असतात. ते सगळे एकाच नराचे असतील असं नाही. माशी चार वेलांवर बसून आली असेल तर एकाच फळात चार बापांच्या बिया निघतात.

मग शेजारच्या कडू वेलाचा पराग आला तर फळ लगेच कडू का होत नाही? कारण फळाचा गर, साल, रंग, आकार हे सगळं आईच्या अंगाचं असतं. पदर आईचा, पदरातलं लेकरू मात्र दोघांचं. बापाचा गुण बियात दडून बसतो आणि ते बी पेरल्यावर, पुढच्या वर्षीच्या वेलावर दिसतो. म्हणूनच फसगत होते. ज्या फळाकडे बघून आपण बी धरतो, त्या फळात बापाची काही खूणच नसते.

मक्याचं तेवढं वेगळं आहे. तिथे आपण खातो ते बीच असतं, त्यामुळे पांढऱ्या मक्याशेजारी पिवळा मका असेल तर त्याच वर्षी, त्याच कणसात पिवळे दाणे दिसतात.

काही पिकांना हात लावायची गरजच नाही

टोमॅटो, घेवडा, चवळी, हरभरा, सोयाबीन, गहू यांच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात आणि बहुतेक वेळा फूल पुरतं उमलण्याआधीच आतल्या आत काम उरकतं. दार लावून घरातच कार्य झाल्यासारखं. याला स्वपरागीभवन म्हणतात. लातूर-नांदेडकडचा शेतकरी सोयाबीनचं घरचं बी वर्षानुवर्षं वापरू शकतो, ते याच कारणाने. तिथे अडचण असते ती कुळीची नव्हे, उगवणीची. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, मळणी यंत्राचे फेरे जास्त ठेवले की आतला अंकुर दुखावतो.

दुसरं टोक वेलवर्गीयांचं: दुधी, दोडका, घोसाळं, कारलं, काकडी, डांगर. यांचं नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. पराग वाहून न्यायला माशी नाहीतर पतंग लागतोच. भेंडी, वांगी, मिरची, तूर आणि कापूस ही पिकं या दोन टोकांच्या मधोमध येतात. आपलं आपल्यात भागतं, पण मधमाशी आली तर बाहेरचंही घेतात.

पाकिटावर आधी काय वाचायचं

पाकिटावर संकरित, हायब्रीड किंवा एफ-१ लिहिलेलं असेल तर त्या फळाचं बी धरण्यात मेहनत घालवू नये. कारण मण्यांच्या उदाहरणाने सांगता येईल. समजा, प्रत्येक रोपाच्या गळ्यात एका गुणाचे दोन मणी असतात, एक आईकडचा आणि एक बापाकडचा. कंपनीकडे आईच्या वाणाचे दोन्ही मणी लाल, बापाच्या वाणाचे दोन्ही पांढरे. त्यांच्या संकरातल्या प्रत्येक रोपाला एक लाल, एक पांढरा मिळतो. म्हणून सगळं शेत एकसारखं दिसतं. पण त्या रोपांचं बी धरलं की पुढच्या पिढीत कुणाला दोन लाल, कुणाला दोन पांढरे, कुणाला एकेक. हे झालं एका गुणाचं. लांबी, रंग, चव, रोग सोसण्याची ताकद असे कितीतरी गुण एकाच वेळी असे फुटतात. बी उगवतं, वेलही वाढतात, पण दहा वेलांची दहा तोंडं दहा दिशांना.

कंपनी दरवर्षी तेच बी कसं देते? आई आणि बापाचे वाण वेगवेगळे जपून, दरवर्षी नव्याने त्यांचा संकर करून. जालना आणि पलीकडच्या बुलढाण्यातल्या देऊळगाव राजा भागात शेडनेटमध्ये हेच चालतं. टोमॅटो-मिरचीच्या सीडप्लॉटवर बायका चिमट्याने कळी उघडून आतले पुंकेसर, म्हणजे नर भाग, काढतात आणि दुसऱ्या वाणाचा पराग बोटाने लावतात, रोज शेकडो फुलांना. त्या बियाची किंमत बरीचशी या हातांच्या मजुरीची असते. जालन्याला बियाण्याच्या नकाशावर आणणाऱ्या बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपण घरी करतो ते याच कामाचं धाकटं रूप आहे. फरक इतकाच, की कंपनी दोन वेगळे वाण मुद्दाम जोडते आणि आपण एकच वाण बाहेरच्यापासून राखतो.

त्यासाठी सुरुवात सरळ म्हणजे सुधारित वाणाने करावी, ज्याचं बी पुढेही तसंच निघतं, नाहीतर गावातल्या जुन्या गावठी बियाने. दुधीत सम्राट, अर्का बहार, दोडक्यात फुले सुचेता, काकडीत हिमांगी हे सरळ वाण आहेत. भेंडीत तर परभणीच्या कृषी विद्यापीठाने दिलेली परभणी क्रांती आहेच.

वांझ फूल वांझ नसतं

वेलाला सुरुवातीला नुसतीच फुलं येतात आणि गळतात. त्यांना वांझ फुलं म्हणायची पद्धत आहे. ती नर फुलं असतात. ती आधी येतात, संख्येनेही कितीतरी जास्त असतात. ती खुडून टाकू नयेत, बियाचा बाप तिथेच आहे.

ओळख सोपी आहे. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढं, लवदार, इवलंसं फळ आधीपासूनच असतं. नर फुलामागे नुसता दांडा. दुधीत नराचा दांडा लांब, मादीचा आखूड. दोडक्यात नर फुलं एका तुऱ्यावर झुबक्याने येतात आणि त्याच पेरावर मादी फूल एकटं असतं. आत डोकावलं तर नरात पिवळ्या पुडीने भरलेला पुंजका दिसतो, मादीत तीन चकचकीत, ओलसर पाळ्या.

कोण कधी उमलतं

इथे सगळ्यात जास्त चूक होते. सकाळी आठला दुधीच्या वेलाकडे गेलं तर फुलं मलूल पडलेली असतात, कारण दुधी संध्याकाळी उमलतो. दिवस कलला की पांढरी फुलं उघडतात, रात्री पतंग येतात, सकाळी खेळ संपतो. दोडकाही संध्याकाळचा. घोसाळं मात्र दोडक्याचं सख्खं भावंड असूनही पहाटे उमलतं. कारलं, काकडी आणि डांगर सकाळचे. डांगराचं मोठं पिवळं फूल तांबडं फुटायच्या आत उघडतं आणि ऊन तापायला लागलं की मिटतं, म्हणून डांगराचं काम सकाळी साडेसहा-सातच्या आत उरकावं.

हंगामही बघावा. उन्हाळी वेलांना मार्च-एप्रिलमध्ये फुलं येतात, तोवर आपल्याकडे पारा चाळिशीकडे निघालेला असतो. अशा उन्हात पराग निकामी होतात आणि वेलावर नर फुलांचंच प्रमाण वाढतं. बी धरायला खरिपाची लागण बरी. जून-जुलैत टोबलेले वेल ऑगस्टमध्ये फुलतात आणि फळ वाळायला ऑक्टोबर-नोव्हेंबरचं कोरडं ऊन मिळतं.

प्रत्यक्ष काम, दुधीवर

निदान सहा वेल हवेत, आठ-दहा असले तर उत्तम. सगळे एकाच वाणाचे. मोझॅक रोगाने पानं पिवळी-चट्ट्यापट्ट्याची झालेला वेल आधीच बाजूला काढावा, त्याचा ना मादी म्हणून उपयोग ना नर म्हणून.

प्रत्येक वेलाचं पहिलं फळ चवीसाठी. कोवळं असताना कापून नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवायचा आणि थुंकायचा. जरा जरी कडू लागला तर तो वेल उपटावा. नुसती त्याची फळं टाळून भागत नाही, कारण त्याची नर फुलं मांडवावर राहतातच. रानटी कडू भोपळ्याशी संकर झाला की पुढची पिढी सहसा कडूच निघते. ही फक्त चवीची गोष्ट नाही. त्या कडवट द्रव्यांनी जबर उलट्या, रक्ताची हगवण, प्रसंगी मृत्यूही ओढवलेला आहे, आणि कडू लागलेल्या दुधीचा रस पिऊ नये असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही बजावलेलं आहे. चव बघण्याची ही पायरी कुणीही गाळू नये.

सामान फार नाही. सुती दोरा, रंगीत लोकर, वीतभर लांबीच्या कागदी पिशव्या, शिसपेन्सिल, आणि नावाच्या चिठ्ठ्यांसाठी दह्याच्या रिकाम्या डब्याच्या पट्ट्या. शाई पावसात धुऊन जाते, शिसपेन्सिल टिकते.

दुपारी तीन-चारला मांडवाखाली जावं. आज उमलणारी कळी ओळखू येते. तिचा हिरवेपणा जाऊन टोकाला पांढरं दिसतं, पाकळ्या पिळलेल्या छत्रीसारख्या घट्ट असतात. उद्याची कळी अजून हिरवट आणि लहान असते. आजच्या मादी कळीच्या टोकाला दोऱ्याचे दोन सैल वेढे देऊन गाठ मारायची. पाकळी फाटू नये, पण किड्याला वाटही मिळू नये. तशाच दोन-तीन नर कळ्या बांधायच्या, त्या दुसऱ्या वेलांवरच्या. नर कळी बांधायला लोक विसरतात. मादी झाकली आणि नर उघडा ठेवला तर माशीच्या पायाला लागून आलेला परका पराग त्या नरावरही पडलेला असतो, मग सगळी मेहनत वाया. वेल लांब पसरले असतील तर नर कळ्या दांड्यासकट खुडून घरात पाण्याच्या पेल्यात, फडक्याखाली ठेवाव्यात. त्या संध्याकाळी तिथेच उमलतात.

साडेसहाच्या सुमारास नर फूल सोडावं. पाकळ्या हळूच खुडून टाकाव्यात, मधला पुंजका उघडा पडतो. तो नखावर टेकवून बघावा. पिवळी पूड उठली तर पराग तयार आहे, नखावर ओलसर डाग आला तर फूल भिजलंय किंवा शिळं आहे, दुसरं घ्यावं. आता मादी फुलाची गाठ सोडून तो पुंजका तिन्ही पाळ्यांवर अलगद, कुंकू टेकवावं तसा फिरवायचा. घासायचा नाही. एका मादीला दोन-तीन वेगवेगळ्या वेलांचे नर लावावेत. पाळ्यांचा एखादा भाग कोरडा राहिला तर त्या बाजूच्या बिया भरत नाहीत, आणि फळ एका अंगाने खंगून वाकडं होतं. वाकडा दुधी बघितला की परागीभवन अर्धवट झालं, हा पहिला अंदाज धरावा.

लगेच मादी फूल पुन्हा बांधायचं, त्यावर कागदी पिशवी, दांड्याला लोकर आणि चिठ्ठी: वाण, वेलाचा नंबर, तारीख. पिशवी तिसऱ्या दिवशी काढावी. तोवर मादी फुलाचा टोकाचा भाग सुकलेला असतो, बाहेरच्या परागाची भीती उरत नाही. प्लास्टिकची पिशवी वापरू नये, आत घाम धरतो आणि फूल कुजतं.

एका वेलावर एक, फार तर दोन फळं बियाला. बाकीची खायला तोडत राहावं. वेलावर आधीच तीन-चार फळं पोसत असतील तर नवं बांधलेलं फळ तो गाळून टाकतो.

गळालं तर कारण शोधा

चार-पाच दिवसांत इवलं फळ पिवळं पडून गळालं तर बहुतेक वेळा पराग पोचलेला नसतो. नर शिळा असेल, पावसाचा थेंब पडून पराग फुटले असतील, किंवा वेळ चुकली असेल. फळ आठवडाभर वाढून मग डागाळलं आणि सडलं तर ते काम फळमाशीचं. ती कोवळ्या सालीत अंडी घालते. कागदी पिशवी काढली त्याच दिवशी फळावर जुन्या मलमलची सैल पुरचुंडी चढवली तर ती टळते. आणि दुपारी गेल्यावर मादी फूल आधीच उमललेलं दिसलं, तर ते सरळ सोडून द्यावं. बी नक्की कुणाचं ते सांगता येणार नसेल तर चिठ्ठी लावण्यात अर्थ नाही.

पहिल्या वर्षी पाच फुलं बांधली तर त्यातली दोन तगली तरी पुरे. दहा वेलांच्या घरगुती मांडवाला बी लागतं किती? पण एकाच फळाच्या बियावर पिढ्यानपिढ्या चालवू नये. तीन-चार वेलांच्या फळांचं बी एकत्र करावं, म्हणजे वाणाचं बळ टिकतं.

कर्टुल्याचं गणित वेगळं

अजिंठ्याच्या आणि बालाघाटच्या डोंगरात पावसाळ्यात मिळणाऱ्या कर्टुल्याची आता शेतात लागवड होते, आणि तिथे एक प्रश्न हमखास येतो: वेल भरपूर, फुलं भरपूर, फळ एकही नाही. कर्टुल्यात नर फूल आणि मादी फूल एका वेलावर नसतात. नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. भांगेतही हीच रचना असते, आणि पपईच्या जुन्या वाणांतही. मांडवावर सगळे मादी वेल आले तर पराग आणणार कुठून?

बियापासून लावलेल्या कर्टुल्यात साधारण निम्मे वेल नर निघतात, आणि कोणता कोण ते फूल आल्याशिवाय कळत नाही. शिवाय बियाचं कवच कठीण, उगवायला हट्टी. म्हणून जाणते शेतकरी फुलोऱ्यात वेलांना खुणा करून ठेवतात आणि पुढे त्यांचे कंद लावतात, दर आठ-दहा मादी वेलांमागे एक नर. फूल संध्याकाळी उमलतं. मादी फुलामागे काटेरी इवलं फळ दिसतं. पतंग कमी असतील तर दुधीसारखंच नर फूल टेकवावं, बांधायची गरज नाही. इथे हातपरागीभवन बियापेक्षा फळासाठीच जास्त करतात.

भेंडी, वांगी, मिरची: फक्त दार लावा

यांचं काम अगदी थोडं. भेंडीची उद्या उमलणारी कळी संध्याकाळी टोकाला दोऱ्याने बांधावी. ती आतल्या आत फळते, पराग लावायचा नाही. शेंग धरल्यावर लोकरीची खूण करावी आणि शिरा तडकायला लागेपर्यंत झाडावरच वाळू द्यावी, साधारण महिना ते सव्वा महिना. वांग्याच्या फांदीवर कळ्या असतानाच मलमलची पिशवी चढवावी आणि रोज सकाळी फांदीला हलकी टिचकी मारावी, म्हणजे पराग झडतो. फळं धरली की पिशवी काढून खूण करावी. वांगं पिवळं, कडक होईपर्यंत तोडू नये. मिरचीचं तर अख्खं झाडच मच्छरदाणीच्या कापडात घेतलेलं सोपं.

कांदा आणि मका मात्र घरगुती पातळीवर अवघड आहेत. ही पिकं बाहेरच्या परागावरच जगतात, मोजक्या झाडांचं बी धरत गेलं तर दोन-तीन पिढ्यांत वाण खुरटतो. त्यांना पुष्कळ झाडं आणि मोकळं अंतर लागतं.

"काकडीशेजारी कारलं लावलं म्हणून काकडी कडू झाली"

नाही. काकडी आणि कारलं या वेगळ्या जाती, त्यांचा संकर होत नाही. काकडीचा खरबुजाशीही होत नाही, जरी दोन्ही वेल एका घराण्याचे असले तरी. यंदाचं फळ यंदाच कडू लागलं तर कारण बहुधा पाण्याची ओढ आणि ऊन, किंवा बीच आधीपासून भेसळीचं. जपायचं ते आपापल्या जातीतल्यांपासून: गोड दुधीला रानटी कडू भोपळ्यापासून, खरबुजाला धुऱ्यावरच्या शेंदाडापासून, म्हणजे त्याच्या रानटी भावंडापासून. दोडका आणि घोसाळं यांचीही गाठ पडू शकते, उमलायच्या वेळा वेगळ्या म्हणून भीती थोडी कमी, एवढंच.

"बांधाबांधीपेक्षा लांब लावलं तर?"

चालेल, पण किती लांब, ते ऐका. वेलवर्गीय पिकांच्या प्रमाणित, म्हणजे तपासून दाखला दिलेल्या, बियाण्यासाठी दुसऱ्या वाणापासून ५०० मीटर अंतर लागतं, आणि ज्यापासून ते तयार होतं त्या पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर. गावात घराला घर लागून, प्रत्येकाच्या न्हाणीमागे एक वेल. अर्धा किलोमीटरचा घेर मोकळा कुणाला मिळणार? तीन दिवसांची कागदी पिशवी तेच काम करते.

"संकरित म्हणजे जीएमच ना? आणि घरचं बी ठेवणं गुन्हा तर नाही?"

दोन्ही शंकांचं उत्तर नाही. संकर म्हणजे एकाच पिकाच्या दोन वाणांचं परागीभवन. रीत वर दुधीवर केली तीच, फक्त वाण दोन. जीएममध्ये दुसऱ्या सजीवाचं जनुक प्रयोगशाळेत घातलेलं असतं. आपल्या देशात शेतकऱ्यांच्या शेतात रीतसर लागवड होते ती बीटी कापसाची, त्याला २००२ मध्ये परवानगी मिळाली. बीटी वांग्याला २०१० मध्ये स्थगिती दिली गेली. तेव्हा दुकानातली संकरित भेंडी किंवा दोडका जीएम नसतो.

कायद्याचं म्हणाल तर पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ याच्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी ठेवायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क आहे, वाण संरक्षित असला तरी. बंधन एकच: संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या पाकिटात, लेबल लावून विकता येत नाही.

बी काढायचं कधी आणि ठेवायचं कसं

खायचं फळ आणि बियाचं फळ यांत फार अंतर आहे. दुधी परागीभवनापासून दोनेक महिने वेलावर राहतो, साल लाकडासारखी होते, दांडा वाळतो आणि हलवला की आत बिया खुळखुळतात. परतीचा पाऊस लांबला तर सालीचा रंग फिकट पडताच दांड्यासकट तोडून पडवीत टांगावा, आत पाणी गेलं तर बिया फळातच उगवतात. दोडका वेलावरच तपकिरी, कागदासारखा होतो. खालच्या टोकाचं झाकण उघडलं की बिया आपसूक गळतात, ओली वाटच नाही. डांगर तोडल्यावर तीन-चार आठवडे सावलीत ठेवून मग कापावं, बिया आतच भरत राहतात. कारलं नारिंगी होऊन उकलायच्या बेताला असताना घ्यावं आणि बियाभोवतीचा लाल गर राखेने चोळून काढावा.

काकडी पिवळी-तपकिरी होऊन मऊ पडली की गरासकट बिया मडक्यात काढाव्यात. टोमॅटोही तसाच. एक-दोन दिवस आंबू द्यायच्या, आपल्या उकाड्यात दिवसभरात फेस येतो. बियाभोवतीचं बुळबुळीत आवरण त्याने सुटतं. त्याहून जास्त ठेवलं तर बी मडक्यातच मोड काढतं. मग चोळून, दोन-तीन पाण्यांनी धुवायचं. हलकं बी तरंगतं आणि भारी बसतं, हा नियम टोमॅटोला लावा, डांगराला नको. डांगराचं भरलेलं बीही तरंगतं. ते वाळवून सुपात पाखडावं.

वाळवणं सावकाश. पत्र्यावर किंवा स्लॅबवर दुपारच्या उन्हात टाकलं तर अंकुर भाजतो. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली, खाली कापड किंवा सूप, असे सात-आठ दिवस. दुधीचं बी वाकवलं तर कट्‌कन मोडलं पाहिजे, नुसतं वाकत असेल तर अजून ओल आहे. बीजशास्त्रातला एक ठोकताळा लक्षात ठेवण्यासारखा आहे: बियातली ओल एक टक्क्याने कमी केली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं तर तेही दुप्पट. म्हणून खटपट करायची ती वाळवण्यात. पूर्ण वाळलेलं बी घट्ट झाकणाच्या बरणीत, तळाशी चाळलेली कोरडी राख घालून, माठाच्या बाजूच्या थंड कोपऱ्यात ठेवावं. ओलं बी बंद बरणीत घातलं तर ते कुजतं, त्यापेक्षा कापडी पुरचुंडी बरी.

मे महिन्यात, टोबायच्या आधी, पन्नास-शंभर बिया ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी करावी आणि सावलीत ओलसर ठेवावी. सोयाबीनचा निकाल आठवड्यात कळतो, दुधी-दोडक्याला दोन आठवडे द्यावेत. प्रमाणित बियाण्याला सोयाबीनमध्ये किमान ७० टक्के आणि वेलवर्गीयांत ६० टक्के उगवण लागते. घरच्या बियाची ६० च्या खाली आली तर फेकायचं कारण नाही, एका आळ्यात दोनऐवजी चार बिया टोबाव्यात. पण चिठ्ठीवर तो आकडा लिहून ठेवावा: वाण, वेल, परागीभवनाची तारीख आणि उगवण. पुढच्या वर्षी कोणत्या वेलाचं बी वाढवायचं, ते त्यावरून ठरतं.